त्या संगणकावर ती सोयच नव्हती

मंडळी, आज सकाळी खालापूरच्या स्टँडवर माझे जुने साहेब भेटले.

ऐंशीच्या दशकात खोपोलीच्या एका कारखान्यात मी संगणक सांभाळायचे. दोन संगणक, दोन्हींची सिस्टिम वेगळी, देखरेखीचं सॉफ्टवेअर मात्र एकच. डिस्क भरत आली की एकावर इशारा यायचा, दुसऱ्यावर ती सोयच नव्हती, पण हे तेव्हा आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. तोच एकदा भरून बंद पडला. "साहेब, इशारा आलाच नाय," मी परोपरीनं सांगितलं. तरी मला कामावरून काढलं.

आज साहेब म्हणाले, "तुमचं खरं होतं, बाई. पुढच्याच आठवड्यात सॉफ्टवेअरवाल्यानं सांगितलं."

"मग मला का नाय कळवलं?"

"राहून गेलं."

मी बरं म्हटलं आणि एसटीत बसले. घरी येऊन भात लावला. राग येत नाही, रडूही येत नाही. तुम्हाला आलं असतं का?