गोदाबाईंची बोटं

माझ्या सासूबाई, गोदाबाई, उभा जन्म रत्नागिरीच्या बाजारात मासे विकत बसल्या. त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. मासा ताजा की बर्फातला, हे नुसतं बोट दाबून सांगायच्या आणि घासाघीस करणाऱ्याला उभं सोलून काढायच्या. अशी बाई स्तनात गाठ निघाल्यावर एकदम गप्प झाली. मला त्या गप्प बसण्याचीच जास्त धास्ती वाटली.

ऑपरेशन झालं आणि दर आठवड्याला सलाईनमधून औषध सुरू झालं. डॉक्टरांनी कागदावर पेशी काढून दाखवली. तिच्या आत म्हणे बारीक दोऱ्या असतात. त्या जुळतात, सुटतात, म्हणून पेशीला आकार बदलता येतो. ती लांबते, मधे आवळते आणि एकीच्या दोन होतात. हे औषध त्या दोऱ्या ताठ करून ठेवतं, सुटूच देत नाही, मग कॅन्सरची पेशी वाढायच्या ऐवजी मरते. पण नसांतही त्याच दोऱ्या असतात, तेव्हा बोटं बधिर झाली तर लगेच सांगा, औषध कमी करावं लागेल, नाहीतर हात कायमचे तसेच राहतील. सासूबाईंनी यातलं एकच धरून ठेवलं, औषध कमी करतात.

एका दुपारी त्या घरी विळीवर सुरमई कापत होत्या. तुकडे कितीदा धुतले तरी पातेल्यातलं पाणी लालच. बघते तर अंगठ्याखाली खोल चिरलेलं, रक्त वाहतंय आणि बाईसाहेब खुशाल पुढचा तुकडा धुतायत. मी हात धरला तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं, आणि त्याही घाबरल्या.

"डाक्टराला सांगू नको गो दिशा," त्या म्हणाल्या. "औषध कमी केलान आणि गाठ परत आली तर?"

मला नाही म्हणवेना. नवऱ्यालासुद्धा मी विळीवर हात निसटला म्हणून सांगितलं. पुढच्या खेपेला आम्ही दोघी रिक्षाने दवाखान्यात गेलो. बोटं जातील ही भीती होतीच, माणूस जाईल ही त्याहून मोठी.

डॉक्टरांनी पट्टी पाहिली. डोळे मिटा म्हणाले, मी बोटांना सुई टोचतो, लागली की सांगा. सासूबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"लागली," त्या म्हणाल्या. जरा थांबून पुन्हा, "लागली."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. सुई अजून ट्रेमध्येच होती.