पत्र परत न पाठवणारे बाळूकाका

बाळूकाकांनी पोस्टाच्या नोकरीत चुकीच्या पत्त्यांची इतकी पत्रं बरोबर पोचवली, की शहापूर तालुक्यात लोक बरोबर पत्ता लिहायचा कंटाळा करू लागले. यात मी फार तर बारा आणे वाढवून सांगतोय. काकांच्या खिशात कायम शिसपेन्सिल. मूळ पत्ता खोडायचा नाही, त्याखाली बारीक अक्षरात खरा लिहायचा आणि पत्र पुढे धाडायचं. म्हणायचे, "लिवनारा चुकला, त्यात वाट बगनाऱ्याचा काय गुना?"

या खोडीमागे एकच पत्र होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी डोळखांबकडच्या हिराला शाळेच्या नोकरीचं बोलावणं आलं. पाकिटावर पाड्याचं नाव चुकलेलं. काकांनी नियमाप्रमाणे 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून ते परत पाठवलं. हिरा जन्मभर भात लावत राहिली, आणि काकांनी त्यानंतर एकही पत्र परत पाठवलं नाही.

निवृत्त झाल्यावर ते माझ्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्या बाकावर येऊन बसले. मी त्यांच्या मुलाच्या वयाचा, पण मला 'मास्तर' म्हणत आणि मास्तरला सुचणार नाहीत असे प्रश्न विचारत.

तेव्हा गावच्या एका मंडळासाठी मी वेबसाइट केली होती. नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींचं प्रत्येकी एक पान. पानाच्या पत्त्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव आणि प्रत्येकाच्या मध्ये अंडरस्कोर, म्हणजे तळाशी मारलेली आडवी रेघ. हे पत्ते छापलेली पुस्तिका मुरबाडच्या कारखान्यांत वाटून झाली. मग कुठेसं वाचलं, की अंडरस्कोर वाईट, मधोमध रेघेचा हायफन चांगला. झालं! मी एका बैठकीत सगळे पत्ते बदलून टाकले. एवढा झपाटा मी लग्नातल्या पंगतीतही दाखवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पुस्तिकेतला एकही पत्ता उघडेना. कारखानेवाले शनिवारपर्यंत पानं पाहून मुलं निवडणार होते. आणि यादीत हिराची मुलगी वंदना होती.

मी म्हटलं, नव्या पुस्तिका छापू, कारखान्यांना जुन्या फेकायला सांगू. काकांचा चेहरा पडला.

"म्हंजे तू पत्रं परत पाठवनार. नाय रे मास्तर. ते तुजं सर्व्हर हाय ना, त्याच्या दारात पोस्टमन बसव. जुना पत्ता आला का तेनी दुरुस्त करायचा, नि आत धाडायचा."

असा नियम सर्व्हरवर लिहिता येतो हे मला ठाऊक होतं, पण सुचलं त्यांना. मी लिहिला: अंडरस्कोर दिसला की तिथे हायफन घाल. वंदनाचा जुना पत्ता टाकून पाहिला. उघडला नाही. नियमाने पहिला अंडरस्कोर बदलला आणि बाकीचे तसेच ठेवले. मी डोकं धरून बसलो. काका मात्र खुशीत.

"बराबर करतो तो. एकाच मानसानी सगळा पत्ता नाय सुधरायचा. आसनगावला तालुका सुधरतो, शहापूरला गाव, डोळखांबला पाडा. चूक हाय तोवर परत फिरव त्याला."

मी नियमाला तसं सांगितलं. एका फेरीत तळाची एक रेघ, मग पुन्हा पहिल्यापासून, एकही न उरेपर्यंत. वंदनाचं पान फोटोसकट उघडलं. काकांनी सवयीने खिशातली पेन्सिल चाचपली.

पंधरवड्यात मुरबाडच्या एका कारखान्याचं वंदनाला बोलावणं आलं, पानांवर संपर्कासाठी दिलेल्या माझ्या क्लासच्या पत्त्यावर. काकांनी ते माझ्या हातून जवळजवळ हिसकावलं. माझ्या स्कूटरवर मागे बसून पाड्यापर्यंत पाकीट छातीशी धरून होते. हिरा अंगणात नाचणी पाखडत होती. तिने पाकीट उलटसुलट पाहिलं, मग काकांकडे.

"या टायमाला तरी आणलंस, भाऊ," एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. म्हणजे तिचं ते पत्र कोणी परत पाठवलं, हे तिला इतकी वर्षं ठाऊक होतं.

परतीच्या वाटेवर शहापूर येईपर्यंत बाळूकाकांनी रिकामा हात तसाच छातीशी धरला होता. यात मात्र मी काहीही वाढवलेलं नाही.