दत्ताकाकांचा गुरुवार

श्री. दत्तात्रेय केळुसकर, म्हणजे मिशिगनच्या ट्रॉय गावातल्या आपल्या सगळ्यांचे दत्ताकाका, यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गौरव अंकासाठी त्यांच्यावर लिही, असं इथल्या मराठी मंडळाने सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हणाले आणि घरी येऊन घाबरले. काकांविषयी चांगलं लिहायला काहीच अडचण नाही. अडचण ही की, काकांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाला काहीही छापण्याआधी त्यांच्या एका नियमातून जावं लागतं. त्या नियमाने एकदा ऐन निवडणुकीत आमची भलतीच पंचाईत केली होती.

काकांची ओळख झाली ती दोन हजार तीनच्या संक्रांतीला. मी नागपूरहून येऊन काही महिने झाले होते. माझे यजमान समीर एका मोटार कंपनीत कॉम्प्युटरचं काम करत होते, आणि माझ्या व्हिसावर मला नोकरी करायला बंदी होती. नागपुरात मी एका दैनिकात उपसंपादक होते. ट्रॉयमध्ये ड्रायरमधून निघालेल्या कपड्यांच्या घड्या घालण्यात प्रावीण्य मिळवत होते. मंडळाच्या हॉलमध्ये कुणीतरी "ही पेपरात होती हं" असं म्हणाल्याबरोबर हातात तिळगुळाची वाटी घेतलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. ना नाव विचारलं, ना गाव.

"बातमी म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मी वैतागलेलीच होते. म्हटलं, "जी छापल्यावर आपलाच माणूस चिडतो ती."

त्यांनी वाटी माझ्या हातात ठेवली. "गुरुवारी घरी ये. गॅरेजच्या दाराने ये, पुढच्या दाराने पाहुणे येतात."

काका निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर त्यांनी मोटारींच्या ब्रेकवर काम केलं. निवृत्त झाल्यावर लोक गोल्फ खेळतात. काकांनी गावाच्या केबलवरच्या, नागरिकांसाठी मोकळ्या असलेल्या चॅनेलवर दर शनिवारी अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम सुरू केला. संपादक ते, निर्माते ते, टेबल पुसणारेही तेच. मला त्यांनी बातम्या वाचायला बसवलं. पगार नव्हता, त्यामुळे व्हिसाची हरकत नव्हती. पहिल्या शनिवारी स्टुडिओतला लाल दिवा लागला आणि मी "नमस्कार" म्हणाले, तेव्हा किती दिवसांनी माझाच आवाज मला ओळखीचा वाटला, हे मी काकांना आजवर सांगितलेलं नाही. इथे सांगते.

त्यांनी मला गाडी चालवायलाही शिकवली. ब्रेकच्या इंजिनिअरकडून गाडी शिकणं म्हणजे काय, ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, जिथे दूरवर एक ट्रॉलीदेखील नव्हती, काका शेजारच्या सीटवर बसून दोन्ही पाय पुढे रोवून नसलेला ब्रेक दाबत. "आधी थांबायला शीक, जाणं आपोआप येतं," हे त्यांचं एकमेव तंत्र. गावातली निम्मी पोरं त्यांनी अशीच तयार केली. डॉ. सोहोनींचा निखिल त्यांतलाच.

डॉ. अरविंद सोहोनी, आमचे सोहोनीकाका, भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेले. अमेरिकेत आल्यावर ते आणि दत्ताकाका डेट्रॉइटमध्ये एकाच भाड्याच्या खोलीत राहिले, आणि तेव्हापासून एकमेकांशी भांडत आहेत. सोहोनीकाका कट्टर रिपब्लिकन. आमच्या सुमनकाकू, म्हणजे दत्ताकाकांच्या पत्नी, तितक्याच कट्टर डेमोक्रॅट. आणि दत्ताकाका? ते कुणालाच माहीत नाही. मंडळातल्या भल्याभल्यांनी हात टेकले. काकूंना विचारलं तर त्या म्हणतात, "अगं, मलाच माहीत असतं तर मी आत्तापर्यंत गप्प बसले असते का?"

आता तो नियम. कार्यक्रमातली कुठलीही राजकीय बातमी ज्या बाजूला झोंबणारी असेल, त्या बाजूच्या माणसाला ती आधी वाचून दाखवायची. त्याने "ठीक आहे, खोटं नाही" म्हटलं की मगच ती शनिवारी जाणार. बातमी आवडायला हवी अशी अट नव्हती. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात कोर्ट भरायचं. एका खुर्चीत काकू, समोरच्या खुर्चीत सोहोनीकाका, मध्ये चहा आणि चिवडा. मी वाचायचे. कुणीतरी उसळायचं. काका शांतपणे विचारायचे, "चिडलास ते कळलं. खोटं काय आहे, ते सांग."

दोन हजार चार साल उजाडलं आणि या कोर्टाला उसंत मिळेना. इराकमध्ये युद्ध चालू, त्यात अध्यक्षपदाची निवडणूक, त्यात मिशिगन म्हणजे कुठल्याही पक्षाकडे झुकू शकेल असं काठावरचं राज्य. टीव्ही लावला की प्रचाराच्या दोन जाहिरातींच्या मध्ये एखादी मालिका दिसायची. काकूंच्या दिवाणखान्यात एक वृत्तवाहिनी, सोहोनीकाकांकडे तिच्या उलट वाहिनी. एकाच भाषणाने काकूंकडे सभा गाजायची आणि सोहोनींकडे पडायची. दत्ताकाका दोन्ही पाहत आणि विचारत, "पण भाषण एकच झालं ना?"

त्यांच्या निःपक्षपातीपणाने आमच्या कसे नाकी नऊ आणले, त्याचा एक नमुना देते. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मखराच्या दोन्ही बाजूंना थर्माकोलचे हत्ती होते. समीरनी कॅमेरा त्यांच्यावर मनसोक्त फिरवला आणि आम्ही ते दाखवलं. सोमवारी एका भगिनीचा फोन आला. त्यांचं नाव सांगत नाही, कारण त्याही या अंकात लिहीत आहेत. "काका, इलेक्शन तोंडावर आलंय आणि तुम्ही इतका वेळ हत्ती दाखवता? रिपब्लिकन पार्टीचा सिम्बॉल आहे तो! फ्री पब्लिसिटी झाली ना त्यांची?"

मी हसले. काका हसले नाहीत. गुरुवारच्या कोर्टात काकूंनी केवळ गंमत म्हणून तक्रार उचलून धरली आणि काकांनी ती मंजूर केली. झालं! डेमोक्रॅट पक्षाचं चिन्ह गाढव, म्हणून आम्ही सगळे सफरचंदांच्या एका बागेत गेलो. तिथे ताजा सफरचंदाचा रस आणि गरम डोनट मिळतात आणि मुलांसाठी एक गाढव बांधलेलं असतं. गाढवाने समीरच्या हातातला डोनट खाल्ला, मग माईकचं स्पंजचं टोपण खाल्लं. शनिवारी काकांनी ते गाढव हत्तीइतकाच वेळ दाखवलं. सोमवारी त्याच भगिनीचा फोन. "मराठी कार्यक्रमात आमच्या पार्टीला गाढव म्हणता? शरम नाही वाटत?" सोहोनीकाकांना त्या गुरुवारी हसू आवरेना, चहा सांडून त्यांचा शर्ट खराब झाला, तो काकूंनीच धुवून दिला.

ते हसणं मला आठवतं, कारण त्यानंतर बरेच दिवस ते ऐकू आलं नाही.

सोहोनीकाकू जाऊन काही वर्षं झाली होती आणि निखिल हा एकुलता एक मुलगा. तो सैन्यात भरती झाला होता आणि त्या वर्षी इराकमध्ये सामानाच्या ट्रकच्या ताफ्यात होता. सोहोनीकाका त्याविषयी बोलत नसत. घरासमोर पक्षाची पाटी होती, तिच्याशेजारी झेंडा होता, आणि गुरुवारचा चहा होता. त्याच ऑक्टोबरात सरकारनेच नेमलेल्या पथकाचा अहवाल आला. ज्या शस्त्रांसाठी युद्ध सुरू केलं, ती तिथे नव्हतीच, असं त्यात होतं.

मी चार ओळींची बातमी केली. काकू म्हणाल्या, "अहो, एवढी एक नका वाचू अरविंदभावजींसमोर. मुलगा तिथे आहे त्यांचा."

काकांनी कागद उचलून पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "त्याच्या पाठीमागे दाखवली तर मी त्याच्याशी खोटं वागलो, असं होईल."

गुरुवारी मी वाचली. सोहोनीकाकांनी ऐकून घेतलं. ते उसळले नाहीत, हेच वाईट होतं. त्यांनी कप खाली ठेवला, "थँक यू सुमन" म्हणाले आणि गॅरेजच्या दाराने निघून गेले. बाहेर त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. फोन उचलेनात. काकांनी ती बातमी बाजूला ठेवली आणि तिच्यासोबत निवडणुकीची प्रत्येक बातमी बाजूला ठेवली, कारण ऐकणारी खुर्ची रिकामी होती. मी म्हटलं, "काका, गावात रिपब्लिकन काय कमी आहेत? पाटलांना बोलवू."

"पाटलांना ऐकून काही होणार नाही. ज्याला लागेल त्याच्यासमोरच वाचायचं."

तर मंडळी, मिशिगनमध्ये दोन्ही पक्षांचे मोठमोठे पुढारी रोज विमानातून उतरत असताना आमच्या कार्यक्रमात मी छपराच्या पन्हाळीतला पाला कसा काढावा हे सांगत होते. त्यानंतरच्या शनिवारी हॅलोविनसाठी आणलेल्या भोपळ्याचे घारगे. मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला की, बातम्या देणार नसाल तर ती वेळ भजनांना देऊ. रात्री मी समीरजवळ रडले. मला ट्रॉयमध्ये दुसरं कामच नव्हतं. काका मात्र दर गुरुवारी खुर्ची टेबलाशी ओढून ठेवायचे, कप मांडायचे आणि गॅरेजचं दार वर करून ठेवायचे. थंडी सुरू झाली होती. काकू करवादायच्या, "अहो, सगळं हीटिंग बाहेर चाललंय! परवा ते रकून जनावर आत शिरून पोहे खाऊन गेलं." काका म्हणायचे, "राहू दे जरा." दार बंद व्हायचं ते काकू झोपायला जाताना.

मतदानाच्या आधीचा शेवटचा गुरुवार. आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. गॅरेजमध्ये पावलं वाजली आणि सोहोनीकाका आत आले. कोट काढला नाही.

"अरे दत्ता, घारगे?" ते कडाडले. "वॉर चालू आहे, इलेक्शन मंगळवारवर आलंय, आणि ही पोरगी टीव्हीवर भोपळा किसते? लाज वाटते का तुला?"

"खोटं काय दाखवलं, ते सांग," काका म्हणाले.

काकूंनी तोंडाला पदर लावला. सोहोनीकाका खुर्चीत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती बातमी वाच."

मी वाचली. चार ओळी. चहा निवत होता.

"अपुरी आहे," ते म्हणाले. "शस्त्रं नव्हती, हे लिहिलंस. आता पुढे लिही, की ज्यांना पाठवलं ती मुलं अजून तिथेच आहेत."

काकांनी स्वतः पेन उचललं आणि ती ओळ लिहिली. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शेवटची ओळ काकूंनी माझ्या हातातून कागद घेऊन वाचली.

"ठीक आहे," सोहोनीकाका म्हणाले. "खोटं नाही." मग त्यांनी कोट काढला आणि चिवडा मागितला.

त्या शनिवारी आम्ही अर्ध्या तासात महिन्याभराची निवडणूक कोंबली. दोन्ही बाजूंचे फोन आले, दोघंही चिडलेले. काका खूश होते. निवडणुकीत कोण जिंकलं ते सर्वांना ठाऊक आहे. काकू आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत, आणि सोहोनीकाकांनी स्वतः येऊन काकूंच्या पक्षाची अंगणातली पाटी उपटून गॅरेजमध्ये ठेवून दिली. पुढच्या वर्षी निखिल सुखरूप परतला. विमानतळावर त्याने दत्ताकाकांना मिठी मारली आणि म्हणाला, "काका, I still brake early." काका त्या दिवशी पार्किंगमध्ये आपली गाडी कुठे लावली तेच विसरले.

आता यंदा पुन्हा निवडणूक आहे, युद्ध अजून चालूच आहे, आणि गुरुवारही चालू आहे. मला नोकरीचा परवाना मिळाला, पण शनिवार मी सोडलेला नाही.

लेख लिहून झाल्यावर नियम आठवला. एवढी स्तुती झोंबेल असा माणूस गावात एकच. मी हे सगळं सोहोनीकाकांच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. पहिली हरकत आली ती अशी, "तू त्याला फार शांत दाखवलंयस. ब्रिजमध्ये हरला की पत्ते आपटतो. ते घाल." घातलं.

मग ते खिडकीकडे पाहत राहिले. "अपुरं आहे," ते म्हणाले. "त्या महिन्यात मी दर गुरुवारी गाडी काढून त्याच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायचो. लाइट बंद करून थांबायचो. दार उघडं दिसायचं. एवढ्या थंडीत. मग मी परत यायचो. लिही, की दार उघडं आहे हे मला माहीत होतं."

मी म्हटलं, "काका, पण हे छापलं तर त्यांना कळेल."

"म्हणून तर छाप. चार वर्षं झाली, तोंडावर सांगायला काही जमत नाही."

तर हे छापलं आहे. दत्ताकाकांना निरोगी, खणखणीत दीर्घायुष्य लाभो, त्यांचं मत कुणाला हे आम्हाला कधीच न कळो, आणि दर गुरुवारी ते दार असंच वर राहो. पुढच्या हिवाळ्यात कोपऱ्यावर लाइट बंद केलेली गाडी दिसली, तर काका, ती कुणाची हे आता तुम्हालाही माहीत आहे.