उजळलेली रात्र

रफिकभाई गेल्याचं मला त्या निर्मात्याच्याच फोनवरून कळलं. "शोकसभेत मी बोलणार आहे. त्यांच्या भुताच्या सिनेमाचा एखादा तुकडा घेऊन ये," त्याने हुकूमच सोडला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही; तेवढाही मान त्याला मिळू नये. तुकडा मात्र न्यायचं ठरवलं... एक नाही, दोन.

रफिकभाई नगरच्या सावेडीतले कॅमेरामन, मी त्या सिनेमाचा संकलक. अकोले तालुक्यातल्या एका घरात त्यांनी भर दुपारी रात्र चित्रित केली. दारं-खिडक्यांना ताडपत्री, एका फटीतून येईल तेवढाच उजेड. कोपऱ्यात भाताची कणगी होती, तिच्यावर घोंगडी टाकलेली. कुणीतरी ती हलवायला निघालं. "ऱ्हाऊ द्या," रफिकभाई म्हणाले. "अंधारात काय तरी हाय, एवढंच कळलं पायजे. काय हाय, ते बघनारा घरी जाऊन ठरवील." पडद्यावर तो कोपरा बघताना मीसुद्धा पाय वर घेऊन बसलो होतो.

निर्मात्याला मात्र नायिकेचा चेहरा दिसेना. प्रदर्शनाआधी त्याने ती सगळी रात्र उजळून घेतली. थिएटरात घोंगडी पांघरलेली कणगी लख्ख दिसली आणि लोक खो-खो हसले. "कॅमेरामनला अंधार जमला नाही," असं हा सांगत सुटला. रफिकभाई लग्नाच्या शूटिंगकडे वळले, ते शेवटपर्यंत. "कुनी केलं रे हे?" त्यांनी मला एकदाच विचारलं. मी निर्मात्याचं नाव सांगितलं.

शोकसभेत त्याने डोळे पुसत गोडवे गायले. मग मी तुकडे लावले. आधी रफिकभाईंचा; कुणी खोकलंसुद्धा नाही. मग उजळलेला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मी निर्मात्याकडे बोट करून म्हणालो, "ही यांची करणी!" त्याचं उतरलेलं तोंड बघून मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तो बसल्या जागेवरून म्हणाला, "मशीनवर बसून उजळलं कोणी, तेही सांग की." पहिल्या रांगेत रफिकभाईंची मुलगी नसीम होती. तिच्याकडे बघत मला "मी" म्हणावं लागलं.

परवा त्यांच्या घरी गेलो. रफिकभाई ज्या खोलीत आपलं काम तपासत, तिच्या खिडकीला कायम काळा कागद चिकटवलेला असे. आत पाऊल टाकलं तर डोळे दिपले. नसीम कागदाची गुंडाळी हातात घेऊन उभी होती.

"बसा ना काका," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच काढलाय. तुम्हाला उजेड लई आवडतो ना?"