मारुतीपुढचा सॅक्सोफोन

जॅझ ऐकणाऱ्या माणसाने संगमनेरात राहू नये, आणि राहिलंच तर ते कुणाला कळू देऊ नये. दूध संघाच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं दुधातली फॅट तपासली. दुपारचे नमुने संपले की कानात वायर खुपसून बसायचे. बरोबरच्या बायकांना वाटायचं, मी प्रवचन ऐकते. एकीने एकदा वायरचं एक टोक आपल्या कानाला लावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे अजून जुळवतायत वाटतं. गाणं कधी सुरू व्हायचं?" घरी नवरा म्हणायचा, "तुझं ते पोंपों जरा बारीक कर, बातम्या लागल्यात." मी बारीक करायचे. भांडून भांडून किती भांडणार?

पुण्यात मात्र आमचं आठ-दहा जणांचं एक मंडळ आहे. महिन्यातल्या एका रविवारी एका निवृत्त डॉक्टरांच्या घरी जमायचं, ऐकायचं आणि चहा पिता पिता वाद घालायचे. गेल्या वर्षी ठरलं, की प्रत्येकाने 'ऐकावेत असे पाच' वादक आणायचे. माझे चार पटकन झाले. अमेरिकेतला एक सॅक्सोफोनवाला, जो एकच सूर इतका वेळ धरतो की ऐकताना आपल्यालाच धाप लागते. आफ्रिकेतला एक पियानोवाला, जो दोन सुरांच्या मध्ये आपल्याला बिनधास्त ताटकळत ठेवतो. गोव्याकडचा एक म्हातारा ट्रम्पेटवाला, ज्याने मुंबईच्या स्टुडिओत आयुष्य काढलं आणि ज्याचं नाव एकाही तबकडीवर छापलं गेलं नाही. पुण्यातलीच एक मुलगी, स्वतःपेक्षा उंच डबल बास वाजवते. समोर लोक पिझ्झा खात गप्पा मारत असतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. पाचव्या जागी मी लिहिलं, सोनईकडचे बँडवाले मास्तर.

"म्हणजे लग्नातला बँड?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"हो. लग्नातला."

"बरं, मग रेकॉर्डिंग आणा. ऐकल्यावर बघू."

लहान मुलाला 'आधी गृहपाठ दाखव' म्हणावं तसा सूर होता तो. मी चहा न घेताच निघाले. पण रेकॉर्डिंग माझ्याकडे नव्हतं, हे खरंच होतं.

मास्तरांना मी ऐकलं ते दूध संघातल्या एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या देवळात जातो. तिथे त्याला मुलीकडचे कपडे घालतात, फेटा बांधतात, एखादा पाहुणा रुसतो, त्याची समजूत काढतात. यात तासभर सहज जातो आणि तेवढा वेळ बँडने गप्प बसायचं नसतं. बँड थांबला की माणसं पांगतात. त्या दिवशी बाकीचे बँडवाले पाणी प्यायला सावलीत गेले. लाल कोटातले, गळ्यात सॅक्सोफोन अडकवलेले एक साठी उलटलेले गृहस्थ आणि त्यांचा ताशेवाला तेवढे उरले. मास्तरांनी सिनेमाचं एक गाणं घेतलं, दोन ओळी वाजवल्या आणि ते गाणं सोडून आपल्याच वाटेने वाजवू लागले. एकच तुकडा खाली नेला, वर आणला, उलटा केला, मध्येच अर्धा तोडून थांबले. ताशा त्यांच्यामागून दबकत चालला होता. वीसेक मिनिटं मी उन्हात उभी होते. सभोवती कुणाचंही लक्ष नव्हतं. मला रडू यायला लागलं आणि शेजारच्या बाईने विचारलं, "मुलगी तुमची का?"

डॉक्टरांकडून परतल्यावर मी मास्तरांचं घर शोधलं. मशिदीच्या मागच्या गल्लीत, दारात शेळी. त्यांना वाटलं, मी मुलीच्या लग्नाची सुपारी द्यायला आले. नुसतं ऐकायचंय म्हटल्यावर ते जरा घाबरलेच. मग त्यांनी ओठ वर करून दाखवला. "म्होरचे चार दात हालत्यात, ताई. लगीनसराई सरली की काढायचे, म्हनला डाक्टर. दात गेले की वाजवनं गेलं. ह्यो दातावरच बसतो."

म्हणजे माझ्या हातात दोन-अडीच महिने होते. तेवढ्यात ते वाजवणं पकडलं नाही, तर ते जगात कुठेच उरणार नव्हतं. मी छोटं रेकॉर्डिंग मशीन घेतलं आणि मास्तरांचा बँड असलेल्या तीन लग्नांना न बोलावता गेले. पहिल्या लग्नात देवळासमोर टेम्पोवर डीजे. बँड फक्त वेशीपासून पारापर्यंत, बाकी सगळा वेळ त्या भिंतींएवढ्या स्पीकरांचा. दुसऱ्या लग्नातही डीजे. तिसऱ्यात डीजे नव्हता, म्हणून मी खुश झाले, तर मुलीकडच्यांनी नवरदेवाला कपडे मंगल कार्यालयातच घातले. मारुतीला नुसता नारळ फोडून पाच मिनिटांत सगळे परत. मी त्या नवरदेवाच्या मामाशी भांडले. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाई, तुमी कुनाकडच्या?"

शेवटी मे महिन्यात मास्तरांच्याच गावातल्या शाळेचा एक रिकामा वर्ग मागून घेतला. मुख्याध्यापक ओळखीचे होते. मास्तर ताशेवाल्याला घेऊन आले, इस्त्री केलेला लाल कोट, टोपी, दाढी गुळगुळीत. मी मशीन कुठे ठेवू, बाक कसे सरकवू, यात गढले होते. पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येईल म्हणून शिपायाला पंखा बंद करायला सांगत होते. मास्तर खिडकीपाशी उभे राहून, रिकाम्या मैदानाकडे बघत काहीतरी फुंकत होते. एक तुकडा खाली गेला, वर आला, अर्ध्यात तुटला. मी ते ओळखलं. ओळखलं, आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"मास्तर, थांबा जरा. अजून मशीन सुरू नाही केलं."

ते थांबले. ओशाळून म्हणाले, "माफी असावी ताई. नुस्ती ह्येच्या तोंडाची पत्ती वली करत हुतो."

मी मशीन सुरू केलं. मास्तरांनी कोटाची वरची गुंडी लावली, सिनेमाचं नाव मोठ्याने सांगितलं आणि गाणं वाजवलं. तबकडीवर जसं आहे तसंच्या तसं, मधले व्हायोलिनचे तुकडेसुद्धा. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. घाम त्यांच्या कानामागून कॉलरमध्ये चालला होता. पाचव्या गाण्यानंतर मी म्हटलं, "मास्तर, मारुतीपुढे वाजवता ते वाजवा ना."

"ते?" त्यांनी ताशेवाल्याकडे पाहिलं. "ते काय वाजवनं हाय व्हय? त्यो टाइमपास हाय."

"तोच पाहिजे मला!" मी ओरडलेच.

"ताई, आमचे वस्ताद गान्याच्या भाईर येक सूर गेला तरी बोटावर छडी वडायचे. मारुतीपशी कोन ऐकतंय? ज्यो त्यो आपल्या गडबडीत. म्हनून तिथं कसंबी वाजवतो. तुमी येवढ्या लांबून, दोन गाड्या बदलून ऐकायला आल्या. तुमच्याम्होरं कसंबी वाजवू?"

तरी मी हट्ट सोडला नाही. मशीन चालू ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले, पाठ फिरवून. म्हटलं, कुणी ऐकत नाहीसं वाटलं की वाजवतील. मास्तरांना वाटलं, सुट्टी झाली. त्यांनी सॅक्सोफोन पुसला, पाणी मागवलं, दोघांनी भेळ खाल्ली. ते सगळं माझ्या मशीनमध्ये स्वच्छ उतरलंय, शेवेचा कुरकुर आवाजसुद्धा.

पुढच्या रविवारी डॉक्टरांकडे ती पाच गाणी लावली. सगळ्यांनी सभ्यपणे ऐकली. डॉक्टर म्हणाले, "फार स्वच्छ वाजवतात हो. पण हे जसंच्या तसं गाणं आहे. तुमच्या यादीत कसं काय?" मी देवळाची गोष्ट सांगितली, शाळेतली सांगितली. स्वयंपाक करपल्यावर गॅसला दोष देणाऱ्या बाईसारखी मी दिसत असणार. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकला. त्यांचा राग आला, डीजेवाल्यांचा आला, त्या वस्तादांचा आला, आणि परतीच्या गाडीत नारायणगाव येईपर्यंत फक्त माझाच उरला. वीस मिनिटं उन्हात उभी राहून ऐकणारी मी, आणि ते समोर वाजत असताना 'थांबा' म्हणणारीही मीच.

जूनमध्ये मास्तरांचा फोन आला. दात काढून आठ दिवस झाले होते. शब्द हवेसकट बाहेर येत होते, दोनदा विचारल्यावर कळत होते.

"ऐकवलं का पुन्याच्या मान्सांना?"

"ऐकवलं, मास्तर."

"समद्यांनी निवांत ऐकलं?"

"अगदी शेवटपर्यंत."

मग त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "कुनी चूक काढली का?"

"नाही," मी म्हटलं. "एकही चूक नाही निघाली."

"मंग झालं," मास्तर म्हणाले. "आता दात गेल्याचं कायबी वाटत न्हाई."