अभिमननाना आणि पिवळी पानं

माझे साडू अभिमन बिऱ्हाडे यांना काहीही विचारा, उत्तर एकच येतं. "एक नंबर!" मीठ विसरलेली भाजी एक नंबर, गळका नळ एक नंबर, माझं अपेंडिक्स फुटलं तेव्हा त्या दवाखान्याची खाटही एक नंबर. नाना राहतात पाचोऱ्याला. मी भिकन, दीपनगरच्या वीज केंद्रात स्टोअरकीपर. माझी सविता आणि त्यांची द्रौपदाबाई सख्ख्या बहिणी, म्हणून गेली पंचवीस-तीस वर्षं हा माणूस माझ्या वाट्याला आला आहे. तक्रार करत नाही, नुसतं सांगतो आहे.

नानांची नोकरी बियाणे कंपनीत. कपाशीचं नवं वाण आलं की ते कुणाच्या तरी शेतात लावून दाखवायचं, हे त्यांचं काम. त्याला डेमो प्लॉट म्हणतात. जमीन शेतकऱ्याची, बियाणं कंपनीचं आणि जीभ नानांची. बोंडं फुटायला लागली की गाड्या भरभरून शेतकरी आणायचे आणि प्लॉटमधून फिरवायचे, ती शिवारफेरी. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, हे वाक्य नाना इतक्यांदा म्हणत की द्रौपदाबाईंना ते झोपेतही पाठ असावं.

नरडाण्याचा नवल हा त्यांचा ठरलेला शेतकरी. रस्त्याला लागून काळीभोर जमीन, कायम ओल. नाना प्लॉटसाठी असलीच जमीन शोधत. शिवारफेरीच्या आदल्या संध्याकाळी नाना आणि नवल कपाशीच्या ओळींतून वाकून फिरत आणि पिवळं, लाल पडलेलं, किडीनं खाल्लेलं एकेक पान खुडून गोणीत भरत. गोणी विहिरीमागे. सकाळी पाहुणे आले की प्लॉट हिरवागार.

मी एकदा विचारलं, "नाना, ही फसवणूक नाही का?"

"पाहुणे येनार म्हनीसन तू घर झाडस का नही? मंग?" नाना म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य.

तर अशा माणसाच्या गळ्यात गाठ आली. लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा, गाठी येणारा कॅन्सर. जळगावला केमो झाली, गाठी गेल्या. नानांनी पेढे वाटले. वर्षाच्या आत गाठी परत आल्या. दुसरं औषध झालं, पुन्हा तेच. तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाकडे बोट दाखवलं. तिथे एका नव्या उपचाराची चाचणी चालू होती. नाना, द्रौपदाबाई आणि रजा टाकून मी, असे तिघे गेलो.

तिथे डॉक्टर मृणाली भेटल्या. वय पस्तिशीचं, आवाज हळू. त्यांनी समजावून सांगितलं की नानांच्याच रक्तातून लढाऊ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं, म्हणजे त्यांना कॅन्सरची पेशी ओळखता येईल, मग त्या वाढवायच्या आणि परत नानांच्या अंगात सोडायच्या.

मी खुर्ची मागे घेतली. नाना मात्र खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे बीटी कपाशी! आम्ही बियाण्यालाच अळी मारायला शिकवलं, तुम्ही रक्ताला शिकवता!"

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, अगदी तसंच नाही, पण कल्पना जवळची आहे.

"आणि चाचणी म्हणजे डेमो प्लॉट. जमीन आमची, बियाणं तुमचं." नाना माझ्याकडे वळले. "भिकन, मना प्लॉट व्हई राहिना रे!" मग त्यांनी धंद्यातला खरा प्रश्न काढला. "मॅडम, तुम्ही रस्त्याकडेची काळी जमीन पाहूनच प्लॉट धरता, का मुरमाड पण घेता?"

"जे चालत येऊ शकतात आणि ज्यांचं हृदय-मूत्रपिंड बरं आहे, अशांनाच घेतो," त्या म्हणाल्या. "म्हणजे थोडी काळी जमीनच निवडतो. खोटं कशाला सांगू?"

नाना खूश झाले, पण लगेच त्यांना कपाशीची पुढची गोष्ट आठवली. बीटी आली तेव्हा बोंडअळी गेली होती. काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी आली आणि त्याच कपाशीवर मजेत जगू लागली, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नानांनी हळूच विचारलं, "आणि नंतर गुलाबी येते का?"

"येते काहींना. काहींवर मुळात परिणामच होत नाही."

"मला येईल का?"

"माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर आल्याबरोबर नानांचं सुरू झालं. "माहीत नाही? असं गिऱ्हाईकाला सांगतात? ही बाई दुकानात बसली तर कपाशीचं एक पाकीट खपायचं नाही! अरे, म्हण ना, एक नंबर होईल! काय जातं?" चहाचा घोट घेतानाही तेच. शेवटी द्रौपदाबाई म्हणाल्या, "दोन फवारण्या झाल्या तुमच्या, अळी तशीच शे. सही करा." नानांनी सही केली.

पेशी काढल्या, प्रयोगशाळेत गेल्या. त्या तयार होईपर्यंत आम्ही रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत. नानांनी तिथल्या प्रत्येक पेशंटला बीटी समजावून सांगितली. मग जमीन मोकळी करण्यासाठी पुन्हा थोडी केमो, आणि एके दिवशी गोठवलेल्या पेशींची पिशवी आली. बारकीशी पिशवी, चहा निवेपर्यंत संपली. "इतलंच?" नानांचा चेहरा उतरला. एवढ्यासाठी निदान एक फीत तरी कापायला हवी होती, असं त्यांचं मत पडलं.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं. आता ताप येईल, थंडी वाजेल, कदाचित बोलण्यात गोंधळ होईल. काहीही वाटलं तर त्या क्षणी सांगायचं. नाना दोन्ही वेळा म्हणाले, "एक नंबर."

सगळं सुरळीत चाललं होतं. पण तेवढ्यात नर्स बोलता बोलता म्हणाली, उद्या बाहेरून मोठे डॉक्टर चाचणी बघायला येणार आहेत, तुमच्याही खोलीत येतील. झालं! नानांच्या डोळ्यांत मला नरडाण्याचा प्लॉट दिसायला लागला. त्यांनी द्रौपदाबाईंकडून दाढीचं सामान मागवलं, ते तिथे चालत नाही म्हटल्यावर निदान केस विंचरून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्क लावून काचेबाहेर उभा होतो. आत सोबतीला एकट्या द्रौपदाबाई. नाना उशीला टेकून ताठ बसलेले, गळ्यापर्यंत पांघरूण, हातात ओला रुमाल. कुणाचं पाऊल वाजलं की रुमाल कपाळावर दाबत आणि पाऊल जवळ आलं की पांघरुणात लपवत. नर्सनं कपाळासमोर ताप मोजायची बंदूक धरली, ताप नाही असं निघालं. मला वाटलं, म्हाताऱ्याला उकडत असेल.

मोठे डॉक्टर आले, मागे डॉक्टरीणबाई, मागे आणखी चार. "कसं वाटतंय, काका?"

"एक नंबर!" नाना म्हणाले. दात वाजत होते, ते त्यांनी हसून लपवले. पाहुणे माना डोलावून वळले.

तेवढ्यात द्रौपदाबाई दारात आडव्या झाल्या. आयुष्यात चारचौघांत नवऱ्याच्या शब्दापुढे शब्द न काढलेली बाई, पण आवाज असा की सगळ्या वॉर्डात गेला. "डॉक्टरीणबाई, या मानूसनी पिवळी पानं खुडी टाकेल शेतस! हात लाई दखा!"

मोठ्या डॉक्टरांना काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं, बाईलाच भ्रम झाला. मी काच वाजवून ओरडलो, "ताप लपवलाय त्यांनी! रुमाल बघा, रुमाल!" डॉक्टरीणबाईंनी पांघरूण ओढलं. खालचा सदरा घामानं चिंब, गादी ओली. काखेत थर्मामीटर लावला तर ताप एकशे तीनच्या पुढे, रक्तदाब खाली चाललेला. मग जी धावपळ उडाली ती मला अजून आठवत नाही धड. घातक तापावरचं औषध तयारच होतं, ते शिरेतून सोडलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, याचाच मला राग आला. त्या एवढंच म्हणाल्या, "नाना, ताप येणारच होता. त्या पेशी कामाला लागल्याची ती खूण आहे. आम्ही त्याचीच वाट बघत होतो. तो वेळेवर कळला नसता, तर..."

नाना कुडकुडत म्हणाले, "ताप चांगला व्हता? मंग पाटी लाईसन दखाडतू ना मी!" हात दाखवून अवलक्षण ऐकलं होतं, हात झाकून अवलक्षण मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण हसू तिथेच थांबलं. रोज सकाळी नर्स त्यांना पेन, घड्याळ दाखवून नावं विचारत असे, डोकं ठिकाणावर आहे ना, हे बघायला. रोज नाना सांगत, घड्याळ, एक नंबर कंपनी. दुसऱ्या दिवशी त्यांना घड्याळाचं नाव आठवेना. नर्सनं द्रौपदाबाईंकडे बोट केलं. "ह्या कोण?"

नानांनी पुष्कळ वेळ पाहिलं. मग अगदी अदबीनं म्हणाले, "गिऱ्हाईक."

द्रौपदाबाई हसल्या, मग पदर तोंडात धरून बाहेर आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी त्यांच्या शेजारी बसलो. तीस वर्षं ह्या माणसाच्या बडबडीला मी शिव्या घातल्या होत्या, त्या दिवशी ती बडबड परत यावी म्हणून मी मनातल्या मनात कुणाकुणाला विनवलं. मला तो माणूस हवा होता, त्याच्या सगळ्या थापांसकट.

आणखी औषधं चालू झाली. दोन-तीन दिवस असेच गेले. मग एका सकाळी नर्सनं पुन्हा बोट केलं. "ह्या कोण?"

नानांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हाई? हिनीच मनी चुगली करी!"

काचेबाहेर मी एकटाच नाचलो. वॉर्डबॉयनं मला बसायला सांगितलं.

महिन्याभरानं स्कॅन झाला. गाठी दिसत नव्हत्या. "सध्या स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन महिन्यांनी पुन्हा बघू." नाना माझ्या कानात म्हणाले, "'सध्या' कसाले लावस ही बाई?"

पाचोऱ्याला परतल्यावर नानांची शिवारफेरी सुरू झाली. द्रौपदाबाईंनी ओट्यापुढे खडूनं रेघ ओढली, तिच्यापुढे कुणी यायचं नाही, मास्क लावायचा, केळी बाहेर ठेवायची. ओट्यावर खुर्चीत नाना. रेघेपलीकडून लोक "जयभीम नाना, कसं काय?" विचारत आणि वरून "एक नंबर!" येई. तापाचं नाव नाही, गिऱ्हाईकाचं नाव नाही. माणूस मरता मरता वाचला, पण सुधारला नाही, असं मी सविताला फोनवर सांगितलं.

एका रविवारी नवल आला. मी तिथेच होतो. बराच वेळ तो रेघेशी चप्पल घासत उभा राहिला. मग त्यानं सांगितलं की त्याच्या मुलीला, दिपमालाला, हाच आजार आहे. केमो झाली, आजार परत आला. मुंबईचं नाव काढलंय डॉक्टरनं. नेऊ का नको?

"अरे, एक नं..." नानांनी तोंड उघडलं.

"नाना," नवल म्हणाला, "तुमनासंगे मी सोता पानं खुडेल शेतस. माले पानं खुडीसन नका दखाडू. मनी पोर शे ती."

नानांनी द्रौपदाबाईंकडे पाहिलं, त्या दारात उभ्या होत्या. मग ते बोलायला लागले. ताप सांगितला, ओला रुमाल सांगितला. बायकोला गिऱ्हाईक म्हणालो, तेही सांगितलं. अजून जिना चढताना धाप लागते, दर थोड्या दिवसांनी रक्त तपासतात, साधी सर्दी झाली तरी धावावं लागतं. शेजारच्या खोलीत नागपूरकडचा एक जण होता, त्याच्यावर काहीच लागू पडलं नाही, तो रिकाम्या हातानं घरी गेला. एकही पान त्यांनी गोणीत टाकलं नाही.

नवलनं सगळं ऐकलं. "मंग दिपमाला बरी व्हई का?"

नानांनी खुर्ची रेघेकडे ओढली.

"माहीत नही," ते म्हणाले. "मना आज साफ शे. मना बी उद्यानं माहीत नही."

नवल खाली बसला, रेघेच्या पलीकडेच. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "इतला वरीसमा हाऊ शब्द तुमना तोंडमा ऐकेल नव्हता. द्या त्या डॉक्टरनीना नंबर."

नानांनी मला मोबाईल दिला आणि नंबर काढायला लावला. नवल नंबर घेऊन फाटकापर्यंत गेला, तेव्हा नाना खुर्चीतून उठून रेघेपर्यंत आले आणि मागून ओरडले, "नवल! त्या बाईले कपाशीनं एक पाकीट इकता येस नही रे! म्हनीसनच सांगस, जाय!"