कांबळे अण्णांचं रेंज कार्ड

माझं शेवटचं पोस्टिंग बेळगावच्या कॅम्पात, गोल्फच्या मैदानावर. अग्निवीर म्हणून चार वर्षांच्या नोकरीतले शेवटचे सात महिने मी रायफल कमी आणि चेंडूंची टोपली जास्त उचलली. हे लिहायला मला लाज नाही. ज्यांना वाटायला हवी, त्यांना वाटू दे.

हवालदार कांबळे अण्णा सदलग्याचे, मोर्टारवर, म्हणजे गोळा उंच उडवून टाकणाऱ्या उखळी तोफेवर, आयुष्य गेलेले. मेजर साहेबांचा जवळचा मार सुधारायची ड्यूटी त्यांना लागली. वेज म्हणजे चेंडू उंच उडवून जवळच टाकणारी काठी. अण्णा म्हणाले, हे तर आमचंच हत्यार की. त्यांनी तोफेचं असतं तसं वेजचं रेंज कार्डच, म्हणजे अंतराचा तक्ताच, बनवलं: हात कमरेपर्यंत तीस यार्ड, छातीपर्यंत पन्नास, खांद्यापर्यंत सत्तर. रोज १६०० वाजता, म्हणजे दुपारी चारला, अण्णा समोर झेंडा धरून उभे, मी साहेबांशेजारी वॉकीटॉकी घेऊन. चेंडू पडला की तिकडून दुरुस्ती यायची, इतके यार्ड वाढवा नाहीतर कमी करा. "ॲड पाच." "ड्रॉप तीन."

साहेब चेंडू उचलायला मनगट वळवायचे. अण्णांनी ती खोड मोडली. उचलू नका, खाली मारा, उठायचं काम चेंडूचं. पंधरा दिवसांत मार बसू लागला. रविवारी स्पर्धा होती.

शुक्रवारी खानापूरच्या बाजूनं वळीव चढला. १६३५ ला पहिला गडगडाट. असा आवाज झाला की मैदान रिकामं करायचं, हा नियम फलकावर लिहिलेला. मी साहेबांना आठवण करून दिली. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"अजून पाच चेंडू. पन्नास यार्ड आत्ता कुठं जमतंय."

मी सेटवर कळवलं.

"अण्णा, अजून पाच."

"आभाळ बघितलंस का रं?"

"साहेबांचा हुकूम हाय."

"बरं. टाका म्हणावं."

तिसरा चेंडू झेंड्यापासून हातभर पडला.

"ऑन टार्गेट," अण्णा म्हणाले.

झेंड्याची काठी लोखंडी होती. १६४१ ला वीज पडली. मी धावत पोचलो तेव्हा सेट चालू होता, अण्णा नव्हते.

रविवारी स्पर्धा झाली. साहेबांनी कप उचलला, पन्नास यार्डांच्या माराचं कौतुक झालं. सोमवारी माझ्यासमोर कागद आला: हवालदार मनाई असताना स्वतःहून थांबले. घरी जायला तीन आठवडे उरले होते. मी सही केली.

ती सही खोटी आहे. आज मी ती मागे घेतो. हुकूम होता, आणि तो माझ्या तोंडून गेला. हवालदार रामचंद्र कांबळे, गाव सदलगा, ड्यूटीवर असताना गेले.